पाच ते बारा अंश

लातूरच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये मी नऊ वर्षं नोकरी केली आणि त्या नऊ वर्षांत मुख्य काम एकच केलं. धातू कापणारं हत्यार किती अंशांत कललेलं असावं, हे कॉम्प्युटरला सांगायचं. घरी पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं की मी 'कॉम्प्युटरवर असते' एवढंच म्हणायची. त्यांचं समाधान व्हायचं. लातुरात त्या काळी खरे प्रश्न दोनच होते, पोर कोणत्या क्लासला आहे आणि मार्क किती पडले. बाकीचं विचारायचं म्हणून विचारलं जायचं.

शेतात खुरपं चालवलेल्या माणसाला माझं काम समजायला वेळ लागत नाही. खुरपं सरळ उभं धरून दाबलं तर तण निघत नाही, नुसती माती उकरली जाते. ते जरा कलतं धरावं लागतं. आमच्या मशीनचं गोल टोकाचं कटर तसंच होतं. ते स्वतःभोवती गरगर फिरतं, पण अगदी टोकाचा बिंदू जागच्या जागी राहतो. कटर कामावर, म्हणजे कापायच्या धातूवर, बरोबर उभं ठेवलं तर तो बिंदू कापत नाही, घासत बसतो. म्हणून कटर आणि काम यांच्यात कल ठेवायचा. आमच्या मशीनवर कटर उभंच असायचं आणि खालचं टेबल कलायचं. ते टेबल दोन्ही बाजूंनी टांगलेलं होतं. पुढेमागे झुकायचं, आणि झुकलेल्या स्थितीत गोलही फिरायचं. कारखान्यात सगळे त्याला पाळणा म्हणायचे.

सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी चार चौकटी असतात. कटर पुढच्या दिशेला किती कलावं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. बाजूला किती कलावं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. या मर्यादांच्या आत प्रत्येक ठिकाणी नेमका किती कल द्यायचा ते सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. मर्यादा फार मोकळी सोडली तर पाळणा सारखा हेलकावत राहतो. फार आवळली तर वेगळीच पंचाईत. कटर ज्यात पकडलेलं असतं तो जाड होल्डर कामाला आपटणार असं दिसलं की सॉफ्टवेअर आणखी कल मागतं. तो मर्यादेत मिळाला नाही तर तेवढा भाग कापायचाच सोडून देतं आणि सोडल्याचं एका ओळीत लिहून ठेवतं. ती ओळ वाचायची असते.

मी पाच ते बारा द्यायची. काम कुठलंही असो, बाजूचा कल पाच अंशांच्या खाली नाही आणि बाराच्या वर नाही. माझ्या प्रोग्रामने निघालेला पृष्ठभाग गुळगुळीत असायचा. मालक गिऱ्हाइकांना कारखाना दाखवताना सांगायचे की आमच्या मॅडमच्या कामाला पॉलिश लागत नाही. मालक उदगीरचे, बोलायला मोकळे. हे जुनं मशीन त्यांनी पुण्याहून आणलं होतं आणि त्याचं कौतुक करताना माझंही थोडं करायचे. मी मान हलवायची.

पाच ते बाराचं खरं कारण गुळगुळीतपणा हे नव्हतंच.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी शून्य ते तीस अशी मोकळी मर्यादा दिली होती. पुस्तकात तसंच होतं. पण काम करता करता टेबल बरोबर आडवं झालं की त्या क्षणी त्याने कुठल्या बाजूने फिरायचं हे नीट ठरत नाही, आणि ते एका दमात अर्धं वर्तुळ फिरतं. तीनशे किलोचं टेबल एकदम फिरलं आणि एकदम थांबलं. धक्का फरशीतून पायात आला. मला पुढचं आठवतं ते कारखान्याच्या मागच्या पाण्याच्या टाकीजवळचं. मी तिथे अनवाणी उभी होते. चपला कॉम्प्युटरच्या खोलीतच राहिल्या होत्या. कुणीतरी विचारलं तेव्हा मी चक्कर आली म्हणाले, आणि त्यांनी मला लिंबूपाणी करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून पाच ते बारा. पाचाच्या खाली उतरू दिलं नाही की टेबल गोंधळत नाही, बाराच्या वर चढू दिलं नाही की जोरात हेलकावत नाही.

मी आठ वर्षांची असताना भूकंप झाला. आमचं गाव औशाच्या पुढे. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. आई आणि मी अंगणात होतो, अण्णा म्हणजे वडील दाराशी बाजेवर. दादा एकटा आत होता. त्याला ताप होता आणि बाहेर दहिवर पडतं म्हणून अण्णांनीच त्याला आत पश्चिमेच्या भिंतीला लागून झोपवलं होतं. तो बारा वर्षांचा होता. आधी खालून म्हशीने ढुशी मारावी तसा धक्का आला, आणि मी उठून बसेपर्यंत पश्चिमेची भिंत खाली होती. नंतर आवाज झाला की आधी, ते मला सांगता येत नाही. धुळीची चव मात्र आठवते.

मला तेव्हा रडू आलं नाही आणि पुढेही फारसं आलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा बाया म्हणायच्या, पोरगी लई घट्ट हाय. मी घट्ट वगैरे नव्हते. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी होतं. ते उतरलंच नाही एवढंच.

अण्णा गवंडी होते. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. आमच्याकडच्या भिंती जाडजूड, बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, मध्ये चिखल आणि खडी, आणि वर छत म्हणून मातीचं जड धाबं. अण्णांची भिंत म्हणजे ताणलेली दोरी, असं लोक म्हणायचे. त्यांचा पितळी ओळंबा होता. तो सोडून ते एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचे, आणि चार बोटं दगड सरकवायला लावून कामगारांच्या शिव्या खायचे. ढिगाऱ्यातून कुणीतरी तो ओळंबा शोधून आणून दिला. अण्णांनी तो ट्रंकेत टाकला आणि पुन्हा गवंडीकाम केलं नाही. शेडच्या वस्तीत शहरातले इंजिनिअर आले, त्यांनी जमलेल्या गवंड्यांना चित्र दाखवलं. भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड घालायचा, नाहीतर हलल्यावर दोन्ही थर फाकतात, असं ते सांगत होते. अण्णा मध्येच उठून गेले. सगळ्यांना वाटलं, पोराची आठवण आली. मलाही तेच वाटलं.

दहावीनंतर मी नांदेडला मावशीकडे राहून डिप्लोमा केला. मेकॅनिकलला वर्गात आम्ही दोघी मुली होतो. फॉर्मला भूकंपग्रस्ताचा दाखला जोडला होता. त्याचा उपयोग झाला की नाही, मला आजही माहीत नाही. पण एका सरांनी तो वाचला आणि तीन वर्षं हजेरीला मला 'भूकंपग्रस्त' म्हणूनच पुकारलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना ते गमतीचं वाटायचं, आणि वर्गालाही. मी 'हजर' म्हणायची. तेव्हाच ठरवलं की ही गोष्ट आता कुठल्याही नोकरीत कुणाला सांगायची नाही. शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. मग अण्णा माझ्यासोबतच राहायला लागले, आधी नांदेडला आणि नोकरी लागल्यावर लातूरला.

लातुरात आम्ही क्लासेसच्या भागात दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे कुठल्याही भिंतीवर रंग दिसायचा नाही, सगळीकडे पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो. गल्लीत मेस, झेरॉक्स आणि 'फक्त मुलींसाठी रूम' अशा पाट्या. दर उन्हाळ्यात प्रत्येक घरमालक वर एक मजला चढवायचा, कारण जूनमध्ये नवी पोरं येणार. आमच्या घरमालकाला कुठूनतरी कळलं होतं की अण्णा गवंडी होते. तो त्यांना वर चढवून विचारायचा, जुन्या भिंतीवर अजून एक मजला पेलेल का. अण्णा म्हणायचे, मला न्हाई कळत त्यातलं. ते घरातही भिंतीला टेकून कधी बसायचे नाहीत. त्यांची खुर्ची खोलीच्या मधोमध असायची आणि आमची अंथरुणंही मधोमध. नव्या माणसाला घर आवरताना अर्धवट सोडल्यासारखं वाटायचं.

मशीन चालवणारे, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते भोकरचे होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे, आणि कारखान्यात वयाने सगळ्यात मोठे. आधी नांदेडच्या एमआयडीसीत होते. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून घराला कुलूप लावून बायको आणि मुलीसह लातूरला आले. आमच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली होती. एका भिंतीला स्वयंपाक, दुसऱ्या भिंतीला मुलीचं टेबल, आणि मामा रात्रपाळी नसली तर दारात बसून पेपर वाचायचे, कारण आत तिसऱ्याला जागा नव्हती. अशी शेकडो कुटुंबं होती. पोरगी शिकेपर्यंत लातूर, मग परत गाव.

मामा माझ्या प्रोग्रामबद्दल कधी काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या कुणाचा मोकळा सोडलेला प्रोग्राम लावायचा असला की आधी माझ्या दारात येऊन सांगायचे, 'मॅडम, आता पाळणा हलणार हाय.' मी कामाचं निमित्त काढून टाकीकडे जायची. तो त्यांच्या शिस्तीचा भाग आहे असं मी समजत होते.

सहाव्या वर्षी पंपाच्या एका कंपनीचं नमुन्याचं काम आलं. इंपेलर, म्हणजे पंपात पाणी फेकणारं पात्यांचं चाक. पाती उंच, पिळदार आणि एकमेकांना लागून. एवढ्या अरुंद जागेत होल्डर न आपटता कटर खाली न्यायचं तर पंचवीस अंश तरी कल हवा होता. हे मला चित्र बघूनच कळायला पाहिजे होतं, आणि खरं तर कळलं होतं. मी बारा दिले. सॉफ्टवेअरने हिशेब केला, शेवटी सूचनांची यादी दाखवली. अशा चाळीस ओळी प्रत्येक प्रोग्रामला येतात. मी ती खिडकी बंद केली. त्यानंतरच्या बारीक कटरचा प्रोग्राम मी तयार चाकाच्या चित्रावर तपासला, आधीच्या कटरने मागे काय शिल्लक ठेवलंय त्यावर तपासला नाही. तसंही करता येतं. त्याला अर्धा तास जास्त लागतो.

बारीक कटर पूर्ण वेगात आत गेलं. तिथे नुसता पापुद्रा असेल असं त्याला सांगितलेलं होतं. तिथे बोटभर जाडीचा धातू होता. कटर मोडलं, पातं मुडपलं, आणि ज्या दांड्यात कटर बसतं तो स्पिंडल आवाज करायला लागला. धडाका ऐकला, आणि मग मी टाकीजवळ उभी होते. कशी गेले ते याही वेळी कळलं नाही.

मालक आले, मशीनच्या कंपनीचा माणूस आला. मोडलेलं कटर हातात फिरवून त्याने निदान केलं की ऑपरेटरने कटरची लांबी मशीनमध्ये चुकीची भरली असणार. असं होतं पुष्कळदा. मामांनी तुकडे जोडून लांबी पुन्हा मोजून दाखवली, ती बरोबर होती, पण मोडलेल्या तुकड्याची लांबी कोण मानणार. मला कुणी काही विचारलं नाही. प्रोग्राम कॉम्प्युटरमधून येतो आणि कॉम्प्युटर चुकत नाही, असं आमच्याकडे सगळे धरून चालायचे. पंपाच्या कंपनीने काम दुसरीकडे दिलं. मालकांनी मामांना सांगितलं की महिना भरा आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका. मामांच्या मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. नोकरी गेली की लातूरची खोली सुटणार आणि शेवटच्या दोन महिन्यांत तिला भोकरला जावं लागणार, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोग्राम उघडला. यादीतली सव्विसावी ओळ. दिलेल्या मर्यादेत कल मिळाला नाही, भाग वगळला. मी बाराचे तीस केले आणि पुन्हा हिशेब लावला. ओळ गेली. मग ते सगळं मी वेगळ्या नावाने साठवून ठेवलं आणि चहाला गेले.

अकरा दिवस मी काही बोलले नाही. झोप लागत होती, जेवण जात होतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण असं विचारलं की लोक सांगतात मला झोप लागत नव्हती. मला लागत होती. मामांना दुसऱ्या साध्या मशीनवर भोकं पाडायला बसवलं होतं. ते रोज चार वाजता माझ्या दारात येऊन 'मॅडम, चहा' म्हणायचे, पूर्वीसारखंच. मी कप घ्यायची. सांगायचं तर बारा का दिले ते सांगावं लागणार, आणि बारा का दिले ते सांगितलं की मी पुन्हा हजेरीतली भूकंपग्रस्त होणार. हा विचार मी अकरा दिवस रोज एकदा केला आणि रोज तिथेच थांबले. मामांच्या मुलीचाही विचार केला. तिची कीव यायला पाहिजे होती. आली नाही. जे यायला पाहिजे ते कळत होतं, पण येत नव्हतं.

अकराव्या दिवशी मामा चहा घेऊन आले आणि म्हणाले की कॉम्प्युटरची रिकामी खोकी असतील तर पोरीची पुस्तकं भरायला पाहिजे होती, टेम्पोवाला शनिवारी यायलाय. मॉनिटरची तीन खोकी कपाटावर होती. मी स्टुलावर चढून काढून दिली. मामांनी ती फडक्याने पुसली, आतला थर्माकोल नीट काढून मला परत दिला, आणि एकात एक घालून घेऊन गेले. थर्माकोल बराच वेळ माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मालक आल्या आल्या मी त्यांच्यासमोर दोन्ही प्रोग्राम ठेवले. बाराचा आणि तीसचा. सव्विसाव्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं की चूक माझी आहे, मामांची लांबी बरोबर होती. मालकांनी दोनदा वाचलं. मग विचारलं की एवढी साधी गोष्ट मॅडम, बारा का दिलं. मी म्हणाले, पाळणा जोरात फिरून थांबतो त्याचा धक्का मला सहन होत नाही, मी भूकंपातली आहे. सहा वर्षांत मी हे पहिल्यांदा बोलत होते.  मालक म्हणाले, 'आधी सांगायचं ना. मशीनखाली रबराचे पॅड टाकले असते.'

ते रागावलेही, आणि रागावणं योग्य होतं. चार महिने माझ्याकडून पाळण्याचं काम काढून घेतलं. पुढे माझा प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्याने तपासायचा असा नियम केला. पण मामांना त्यांनी त्याच दुपारी बोलावून महिन्याचं विसरा म्हणून सांगितलं. टेम्पोवाल्याला मामांनी माझ्यासमोरच फोन केला. पॅडही बसवले. धक्का थोडा कमी झाला.

संध्याकाळी पाळी सुटताना मी मामांकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, माफी मागायची होती. ते हात धूत होते. मी सुरुवात केली तेवढ्यात ते म्हणाले, 'मला ठाऊक होतं, मॅडम. प्रोग्रामसंगच्या सेटअपच्या कागदावर बारा लिहिलेलं मी वाचलं व्हतं.'

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

'तुम्ही कवा सांगता ते बघून राहिलो होतो.'

ते हात पुसून जिना उतरून गेले. खोकी परत आणून देतो म्हणाले, नाहीतर ठेवू का पोरीला, असंही म्हणाले. मी ठेवा म्हटलं. मला लाज वाटली. इतक्या वर्षांत अगदी स्पष्ट असं काही वाटलं ते हेच, कानापासून मानेपर्यंत गरम.

त्या रविवारी दुपारी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. आम्ही एकमेकांना कामाचं काही सांगत नसू. अण्णा मधोमध खुर्चीवर होते, मी खाली फरशीवर ज्वारी निवडत होते. वर तिसऱ्या मजल्याचं काम चालू होतं. मी पाळणा, बारा अंश, वगळलेला भाग, खोकी, सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. बाराचं कारण सांगताना मी भूकंपाचं नाव घेतलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

'मग त्याला ठेवलं का कामावर?'

हाव, म्हटलं.

'कोणी मेलं न्हाई ना?'

न्हाई.

'मग लई सोपं होतं तुझं, माय.'

मला राग आला. मी ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ते वर छताकडे बघत होते, जिथे ठोकाठोक चालली होती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज पाण्याचा नंबर कधी येणार हे सांगताना असतो तसाच. पश्चिमेची भिंत त्यांनी सगळ्यात शेवटी उचलली, माझ्या जन्माच्या आधी. त्या साली गावात चार घरं बांधली होती, त्या घरांना आरपारचे लांब दगड घातले, कारण त्यांच्या वस्तादाने तसंच शिकवलं होतं. आमच्या भिंतीपर्यंत ते दगड संपले. पाऊस तोंडावर होता. घरचीच भिंत, पुढच्या साली काढून घालू म्हणाले. पुढच्या साली दुसऱ्यांची घरं आली.

'कोणी विचारलं न्हाई,' ते म्हणाले. 'सरकारी साहेब मापं लिहून घेऊन गेले. गावानं देवाचं नाव घेतलं. तुझ्या आईनंबी न्हाई विचारलं.'

मीही विचारलं नव्हतं. सतरा वर्षं आम्ही मधोमध झोपत होतो आणि मी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, अण्णा, अख्खं गाव पडलं. आरपार दगड होते ती घरंही पडली.

'पडली,' अण्णा म्हणाले. 'पन पडायला येळ लागला त्यांना. त्यातली पोरं भाईर आली.'

वरची ठोकाठोक थांबली होती, गवंडी जेवायला बसले असतील.  मी विचारलं, आपल्या भिंतीला असे किती दगड लागले असते.

'सात,' अण्णा म्हणाले. ते मोजायला थांबले नाहीत.